कॉन्ट्रीतली चेन्नई

काशिमेडूच्या धक्क्यावर अजून धड उजाडलेलं नाही, पण बाजाराचा भर ओसरायला लागलाय. ट्रॉलर इतके खेटून लागलेत की माणसं एकावरून दुसऱ्यावर पाय टाकत पार टोकापर्यंत जाऊन येतात. पिवळ्या दिव्यांखाली बर्फाचा चुरा पसरलाय, खवले चमकताहेत, डिझेल आणि खाऱ्या पाण्याचा एकच वास नाकात बसलाय. एका टोपलीभोवती बायकांचं कोंडाळं जमलंय. लिलाव पुकारणारा एका दमात आकडे म्हणत जातो, मध्येच थांबतो, एकीकडे बोट करतो, की झालं. काय ठरलं ते आम्हाला कळायच्या आत टोपली डोक्यावर चढलेली असते.

आम्ही चौघं एका खांबाला चिकटून उभे आहोत. वाटेत उभं राहण्याची सोय नाही, मागून ओरडा होतो आणि हातगाडी येते. बार्शीकराने नाकाला रुमाल लावलाय. त्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे; मासळीबाजारात यायला तो राजी झाला तो केवळ इथे तिकीट लागत नाही म्हणून. पैलवान मात्र खुशीत आहे. व्यायामाशी त्याचा संबंध या टोपणनावापुरताच, पण तो सोलापूरच्या पूर्व भागातला, घरात तेलुगू बोलणारा. तमिळ न येणाऱ्याला या शहरात तेलुगू चांगलीच हात देते. तो एका मासेवालीला "अक्का" म्हणतो आणि भाव विचारायला लागतो. वंजिरम म्हणजे आपली सुरमई, वव्वाल म्हणजे पापलेट, इरा म्हणजे कोळंबी. पाच-सहा भाव विचारून झाल्यावर ती कमरेवर हात ठेवते.

"घ्यायचं काय?"

"काही नाही अक्का, बघायला आलोय."

"मग बघ. बघायचे पैसे नाहीत," ती म्हणते आणि बर्फाची मूठ सुरमईवर टाकते.

आमची खजिनदार हे ऐकून समाधानाने मान हलवते. तिच्या खांद्याला अडकवलेल्या हिरव्या पाऊचमध्ये चौघांची कॉन्ट्री आहे. राहण्याचा खर्च सोडून माणशी दिवसाला ३०० रुपये. त्यात खाणं, फिरणं, तिकिटं, सगळं. तिच्याकडे छोटी वही आहे आणि तिला मोबाइलमधल्या हिशेबाच्या ॲपपेक्षा वहीचाच भरवसा वाटतो.

धक्क्यातून बाहेर पडून उत्तरेकडे चालायला लागतो, तेव्हा सूर्य वर येत असतो. तो समुद्रातून वर येतोय याची आम्हाला गंमत वाटते. आमच्या ओळखीचा समुद्र म्हणजे गणपतीपुळ्याचा नाहीतर अलिबागचा, सूर्य गिळणारा. खजिनदार म्हणते, आता जरा वाळूत बसू. पण वाळू कुठेच नाही. रस्त्याला लागून काळ्या दगडांचे प्रचंड ढीग आहेत, त्यावर लाटा आपटतात, आणि फवारे पार रस्त्यावर येतात. दगडांच्या सांदीत कुणी जाळं वाळत टाकलंय. समोरच्या चहाच्या टपरीवर पैलवान चौकशी करतो, बीच कुठाय? टपरीवाला म्हातारा हसतो आणि पाण्याकडे हात करतो. तिकडे होता. त्याच्या आजोबांचं घरही तिकडेच होतं. त्याचं बोट जिथे रोखलंय तिथे एक लाट फुटते आणि दुसरी उठते.

चहा होतो. खजिनदार वहीत लिहिते: चहा, ४.

न्याहारीसाठी खजिनदारच्या मामींनी कालच पत्ता सांगून ठेवलाय. 'अम्मा उणवगम', म्हणजे महापालिकेची खानावळ. जयललितांच्या सरकारने २०१३ मध्ये चेन्नईत ही सुरू केली. आत स्टीलच्या उंच टेबलांवर लोक उभ्याने खाताहेत. हमाल, रिक्षावाले, रात्रपाळी संपवून आलेले वॉचमन, दोन शाळकरी मुली. भिंतीवर दर लिहिलेत: इडली १ रुपया, पोंगल ५ रुपये. आम्ही बारा इडल्या आणि दोन पोंगलची टोकनं घेतो. खिडकीपलीकडे बचत गटाच्या बायका काम करताहेत. एक बाई मोठ्या इडलीपात्राचं झाकण उचलते, वाफ तिच्या चष्म्यावर बसते, तरी हात थांबत नाही. ओल्या फडक्यासकट सगळ्या इडल्या पालथ्या घालते, फडक्यावर पाणी मारते आणि एका हिसक्यात ते सोलून काढते. एकही इडली मोडत नाही. सांबार पातळ आहे पण गरम आहे. पोंगलमध्ये मिरी दाताखाली येते.

चौघांची न्याहारी २२ रुपये. बार्शीकर वही हातात घेऊन पुन्हा बेरीज करून बघतो.

"यात यांचं भागतं कसं?" तो विचारतो.

"भागत नाही. महापालिका भरते," खजिनदार म्हणते. "आपल्याकडे १९९५ नंतर ती झुणका-भाकर केंद्रं नव्हती का, एक रुपयाची? बाबा अजून सांगतात. नंतर काही टिकली नाहीत."

इथली टिकलीय. सरकार बदललं तरी इडली रुपयालाच आहे. बार्शीकर ताट धुवायच्या जागी ठेवून येतो आणि बराच वेळ गप्प राहतो.

बस येते तीच मुळी पुढून गुलाबी रंगवलेली. या साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही, २०२१ पासून. कंडक्टर मागच्या दारापाशी आपल्या जागेवर ठिय्या मारून बसलाय; तो उठून कुणाकडे येत नाही, पैसेच त्याच्याकडे जातात. पुढे उभ्या असलेल्या म्हातारबुवांनी दिलेली नाणी चार अनोळखी हातांतून माझ्या हातात येतात, मी ती मागच्या मुलाला देते, तो आणखी मागे सरकवतो, आणि थोड्या वेळाने त्याच साखळीतून तिकीट उलट्या दिशेने म्हातारबुवांकडे पोचतं. मध्ये कुणी वर मान करून बघतसुद्धा नाही. कंडक्टर शिट्टी फुंकतो, "पोलाम, रैट!" म्हणतो आणि बस हलते. मला आणि खजिनदारला शून्य रुपयाचं तिकीट मिळतं. पैलवान आणि बार्शीकर पैसे मोजतात.

पैलवान लगेच मुद्दा मांडतो. "तुमचं तिकीट फुकट आणि आमच्या तिकिटाचे पैसे चौघांच्या कॉन्ट्रीतून? म्हणजे आमचं तिकीट तुम्ही अर्धं भरताय. बरोबर आहे ना? मग चालू दे."

"अरे, उलट बोलतोयस तू," बार्शीकर म्हणतो. "आपण तक्रार करायला पाहिजे."

"कसली?"

त्यावर बार्शीकराला उत्तर सुचत नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा त्याच्या आजीने पंढरपूरच्या फेऱ्या वाढवल्या, आणि आजोबांना घेऊन जायचं बंद केलं. ही तक्रार त्याच्या घरात तेव्हापासून चालू आहे.

तिरुवल्लिकेणीत, इंग्रजांच्या ट्रिप्लिकेनमध्ये, उतरतो. मुलं इथल्या एका मॅन्शनमध्ये उतरलीत. मॅन्शन म्हणजे वाडा-बंगला काही नाही. गावोगावहून नोकरीला आलेल्या एकट्या पुरुषांसाठी बांधलेली खोल्यांची चाळ. गल्ल्याच्या गल्ल्या अशा इमारतींनी भरल्यात. प्रत्येक कठड्यावर लुंग्या वाळताहेत, प्रत्येक मजल्यावर एखादा माणूस दाढी करतोय. खाट, पंखा, खुंटी, सामायिक नळ. भाडं अगदी बेताचं. पण बायकांना वर प्रवेश नाही. त्यामुळे दोघं आंघोळी उरकेपर्यंत मी आणि खजिनदार समोरच्या कॉफीच्या दुकानात बसतो. दुकानदार डबऱ्यातून, म्हणजे पसरट वाटीतून, पेल्यात आणि पेल्यातून डबऱ्यात कॉफी ओततो, हात एवढा लांबवतो की मध्ये दुधाळ तपकिरी दोरी ताणल्यासारखी दिसते. फेस वर येतो, थेंब सांडत नाही.

बसमध्ये आमचे वाचले तेवढ्यावर शहर आम्हाला स्वस्त पडलंय असं म्हणता येणार नाही. दोन मुलींना बिनघोर झोपता येईल अशी खोली शोधली तेव्हा तिचा एका रात्रीचा दर मुलांच्या खोलीच्या कितीतरी पट निघाला. आमची सोय झाली ती खजिनदारच्या मामांमुळे. मामा विट्याकडचे, गलाईवाले. खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातून सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात माणसं देशभर पांगली, त्यातलं हे एक घर साहुकारपेठेत आलं. मिंट स्ट्रीटजवळच्या बोळात खाली भट्टी आणि वर दोन खोल्या. त्यातल्या एका खोलीत आम्हाला गादी मिळालीय, शिवाय रात्री मामींच्या हातची भाकरी. वहीत या मुक्कामासमोर काय लिहायचं हे खजिनदारने अजून ठरवलेलं नाही. तिने तिथे नुसती रेघ मारून ठेवलीय.

दुपार कलल्यावर दीपगृह. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा हा मनोरा १९७७ पासून मरीनाच्या दक्षिण अंगाला उभा आहे, आणि दीपगृहाच्या मानाने चैनीची गोष्ट म्हणजे त्याला लिफ्ट आहे. बरीच वर्षं लोकांना वर सोडत नव्हते. २०१३ मध्ये पुन्हा सोडायला लागले. चौघांचं तिकीट शंभराच्या आत बसतं, तरी खजिनदार पाऊचची चेन उघडताना सुस्कारा सोडते.

वरच्या सज्जात वारा कपडे फाडायला उठलाय. खाली नोच्चिकुप्पमच्या होड्या वाळूवर ओळीने टेकल्यात. दक्षिणेला सान्तोमच्या चर्चचा पांढरा शुभ्र कळस. उत्तरेकडे नजर टाकली की वाळूच वाळू, इतकी रुंद की पाण्याकडे निघालेली माणसं ठिपक्यांएवढी होऊनही अजून पाण्याला पोचलेली नाहीत. आणि पार टोकाला, धुरकट उजेडात, बंदराच्या क्रेन.

सकाळचा दगडी बांध कुठे असेल ते पैलवान बोटाने शोधतो. क्रेनच्या पलीकडे. आणि मग इथून, उंचावरून, सगळं एका रेषेत दिसतं. या किनाऱ्यावर वर्षाचा मोठा काळ लाटा दक्षिणेकडून तिरक्या येतात आणि वाळू उत्तरेकडे लोटत नेतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रास बंदराच्या भिंती समुद्रात शिरल्या आणि वाळूची ही वाट अडली. अडलेली वाळू भिंतीच्या अलीकडे साठत गेली. पलीकडे नवी वाळू येईना आणि असलेली मात्र वाहून जातच राहिली. अलीकडे मरीना झाली, पलीकडे त्या चहावाल्याच्या आजोबांचं घर गेलं. सकाळी आम्ही ज्या दगडांवर उभे होतो ते उरलेली जमीन धरून ठेवण्यासाठी टाकलेत.

"म्हणजे हा बीच यांनी बांधलेला नाहीच," पैलवान म्हणतो.

बांधला तो रस्ता. १८८४ मध्ये गव्हर्नर ग्रँट डफ याने या साठलेल्या वाळूच्या कडेने फिरायला पथ केला आणि त्याला मरीना हे इटालियन नाव दिलं. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा, साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ तो हा नव्हे. हा त्याचा मुलगा. बापाने मुलाचं नावच माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ठेवलं होतं, पेशवाई बुडवणाऱ्या साहेबाच्या नावावरून. बार्शीकर इतिहासाचा विद्यार्थी. ही माहिती तो लिफ्ट खाली येईपर्यंत पुरवतो. लिफ्टमन मराठीतला एकही शब्द न कळता मान डोलावतो.

संध्याकाळी सगळं शहर वाळूवर उतरतं. रविवार आहे. मागे, इमारतींच्या आड, सूर्य कधीच गेलाय. इथे मावळतीकडे पाठ करून बसतात. समोरचं पाणी आधी राखाडी होतं, मग निळं-काळं, आणि एकेक करून गाड्यांवरचे दिवे लागतात. फुगे फोडायच्या बंदुका फटफट वाजताहेत. हाताने फिरवायच्या पाळण्यात चार पोरं किंचाळताहेत. पुठ्ठ्याच्या नटांशेजारी उभं राहून लोक फोटो काढून घेताहेत. पिंजऱ्यातला पोपट चोचीने चिठ्ठी ओढून कुणाचं तरी भविष्य मालकापुढे टाकतो. पोलिसांचा घोडा संथपणे गर्दीतून वाट काढतो आणि भोंग्यावरून कुणीतरी बजावत राहतं, पाण्यात खोल जाऊ नका. या समुद्राला खालून ओढ आहे. तरीही गुडघाभर पाण्यात साड्या, लुंग्या, जीन्स सगळ्या एकत्र भिजताहेत.

विवेकानंद हाउसच्या समोर, वाळूतून थेट पाण्यापर्यंत लाकडी फळ्यांची वाट गेलीय. चाकाच्या खुर्चीतल्या माणसांसाठी २०२२ च्या नोव्हेंबरात ती खुली झाली, डिसेंबरात मांडूस वादळाने तिचा काही भाग उखडला, मग पुन्हा ठोकली. आत्ता तिच्यावरून एक आजी खुर्चीतून निघाल्यात. नातू खुर्ची ढकलतोय. टोकाला पोचल्यावर आजी काही बोलत नाहीत, चप्पल काढून नातवाच्या हातात देतात, आणि पाणी कधी येतंय याची वाट बघत पाय पुढे करून बसतात.

वाळूच्या उत्तर अंगाला चार मजूर एक शिळा हलवताहेत, देवीप्रसाद रॉय चौधुरींच्या शिल्पातले, १९५९ पासून. भारतातला पहिला मे दिन याच किनाऱ्यावर, १९२३ मध्ये सिंगारवेलर यांनी साजरा केला. ते स्वतः मच्छीमार घरातले. तिरुवल्लिकेणीच्या बाजूच्या वाळूला एके काळी टिळकांचं नाव होतं आणि स्वातंत्र्याच्या सभा तिथे भरत. फुकट जागा होती, कितीही माणसं मावत होती. सभेला आणखी काय लागतं?

"तेंगा, मांगा, पट्टाणी सुंडल!"

हाक ऐकू येते तोवर पोरगा समोर उभा. गळ्यात अडकवलेल्या डब्यात उकडलेले वाटाणे, त्यात कैरीचे उभे काप, ओल्या खोबऱ्याचे तुकडे, मोहरी आणि कढीपत्ता. तो वर्तमानपत्राचा चौकोन बोटांवर फिरवतो, टोक दुमडतो, शंकू होतो. चमच्याने दोनदा भरतो, आणि तिसऱ्या वेळी चमचा रिकामाच हलवून शंकूवर ठोकतो, म्हणजे भरल्यासारखा आवाज व्हावा. बार्शीकराच्या नजरेतून हे सुटत नाही.

"ए, तो तिसरा?"

पोरगा खोकल्यासारखं हसतो आणि तिसरा चमचा खरोखरच घालतो. वाटाणा मऊ, कैरी कचकचीत, मध्येच खोबरं. आम्ही दोन शंकू चौघांत फिरवतो. मग एक लांब मिरचीची भजी, कच्चा कांदा भरलेली, तीसुद्धा फिरते. शेजारच्या गाडीवर मसाला चोपडलेल्या सुरमईचे तुकडे ताटात रचलेत. पैलवान त्यांच्याकडे बघतो, खजिनदार पैलवानाकडे बघते, आणि तो विषय तिथेच संपतो.

मोगरा विकणारी बाई मोळमवर विकते, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक माप. बार्शीकर आधी सगळ्या फुलवाल्यांचे हात न्याहाळून येतो आणि मग त्यातल्या सर्वांत उंच बाईकडून आमच्यासाठी दोन मोळम घेतो. स्वतःच्या खिशातून. हा खर्च वहीत येत नाही.

परतीला तिरुवल्लिकेणी स्टेशनवरून उन्नत लोकल. स्टेशन एवढं प्रशस्त की आत एखादं लग्न लागावं, आणि माणसं मोजकीच. इथे तिकीट सगळ्यांना सारखंच, माणशी ५ रुपये. "रेल्वेला लाडकी बहीण माहीत नाही," पैलवान जाहीर करतो आणि मनापासून खूश होतो. चेन्नई बीच स्टेशनला उतरतो, नाव बीच पण समोर बंदराची भिंत. बाहेर बर्मा बाजार. १९६२ च्या लष्करी उठावानंतर ब्रह्मदेशातून हुसकलेली तमिळ माणसं परत आली, त्यांना पोट भरण्यासाठी १९६९ मध्ये ही दुकानं मिळाली. येताना त्यांनी अत्तो आणला. गाडीवरचा माणूस नारिंगी शेवया हातानेच मोठ्या भांड्यात घेतो, वर कोबी, कांदा, चिंचेचं पाणी, कुरकुरीत तळलेली पुरी चुरून टाकतो, लसणाचं तेल सोडतो आणि पाची बोटांनी कालवतो. सोबत केळीच्या सोपटाचं सूप, हवं तितकं वाढून. बार्शीकर 'अंडं नको' हे खुणांनी सांगायला जातो आणि गाडीवाल्याला हसू आवरत नाही, कारण त्या खुणेत कोंबडी आहे.

उभ्या उभ्या खजिनदार वही काढते. बेरीज होते. माणशी ३०० तर लागलेच नाहीत. निम्म्याच्याही आत आहोत.

"एवढं शहर, एवढ्यात!" पैलवान सूप ओढत म्हणतो. "फुकटच झालं की."

"फुकट कुठलं?" खजिनदार पेन्सिलने वहीवर टकटक करते. "इडलीचे महापालिकेने दिले. आमच्या बसचे सरकारने. गादी मामांची. आणि वाळूचे..." ती क्षणभर थांबते. "वाळूचे त्या चहावाल्याच्या आजोबांनी."

"मग ते लिहिणार कुठे?" बार्शीकर विचारतो.

खजिनदार पान उलटते, वर उद्याची तारीख टाकते, खाली ओळीत चार नावं लिहिते. मग आजच्या उरलेल्या नोटांतून दोन वेगळ्या काढून पाऊचच्या आतल्या कप्प्यात सारते.

"उद्या पहाटे परत काशिमेडू," ती सांगते. "न्याहारीला टपरीवरच बसायचं, बन-मस्का, ऑम्लेट, जे असेल ते. त्या अक्काकडची सुरमई घ्यायची, मामींसाठी. भाव करायचा नाही. बार्शीकर, तू रुमाल आण. आणि आता सगळ्यांनी उद्याची कॉन्ट्री काढा बघू, सुट्टे असतील तर आधी."